बोडका बाण उजवीकडे का जातो

माझ्या बाणांना कुणीतरी हात लावत होतं. हे मला मंगळवारी कळलं, आणि कोण लावतंय हे बुधवारपर्यंत मी ठरवूनही टाकलं. आता फक्त पुरावा शोधायचा राहिला होता.

संशय घेण्यात आमचं घराणं नावाजलेलं आहे. बाबा टीव्हीच्या रिमोटमधल्या सेलवर नखाने फुली मारून ठेवतात, कारण कुणीतरी ते काढून घड्याळात घालतं असा त्यांचा पक्का समज आहे. (घालतंच. आई घालते.) आई शाळेची बस चालवते, आणि आपल्या मागे गॅरेजवाला डिझेल काढून घेतो असं तिला कायम वाटतं. आणि त्या आठवड्यात तर आईचं लाँड्रीवाल्याशी युद्धच पेटलं होतं. माझ्या गणवेशाच्या बाह्या मनगटाच्या वर चढल्या होत्या.

"गरम पाण्यात टाकलेत ना शर्ट?" आईने काउंटरवर शर्ट असा आपटला की लाँड्रीवाल्याच्या इस्त्रीतून वाफ उडाली.

"ताई, गार पाण्यातच धुतलेत."

"मग काय, थंडी वाजून आखडले?"

मी मागे उभी राहून मान डोलावत होते. चोर असाच सापडतो. आधी आवाज चढवायचा, मग पुरावा मागायचा. मी शिकत होते.

आता बाणांचं सांगते. आमच्या शाळेमागे बटाट्यांचं एक जुनं लांबलचक गोदाम आहे, तिथे आम्ही तिरंदाजी शिकतो. बाणाच्या शेपटीला तीन पिसं असतात. असतात प्लॅस्टिकची, पण म्हणायचं पिसंच. ही पिसं म्हणजे लाड करणारा मामा. सोडताना तुमचा हात हलो, बाण वाकडा निघो, पिसं त्याला वाटेत सरळ करतात आणि तुमची चूक कुणाला दिसूच देत नाहीत. म्हणून प्रत्येकीने एक बाण बिनपिसांचा ठेवायचा. त्याला आम्ही बोडका म्हणतो. बोडक्याला मामा नाही. तो जसा आहे तसा जाऊन लागतो.

दोरीचा धक्का बसला की बाणाची दांडी मधून वाकते आणि माशासारखी वळवळत निघते. धनुष्याच्या जोराला ती बेताची वाकली, तर बोडका पिसवाल्या बाणांच्या शेजारी जाऊन बसतो. जास्त वाकली, म्हणजे दांडी मऊ पडली, तर तो उजवीकडे जातो. कमी वाकली, म्हणजे कडक ठरली, तर डावीकडे. (डावखुऱ्यांनी उलट वाचावं.) सुट्टीत मी आणि जिराफने बसून माझे बाण लावले होते, म्हणजे टोकांचं वजन बदलत बदलत माझ्या धनुष्याशी त्यांचं जमवून दिलं होतं. शेवटी माझा बोडका पिसवाल्यांच्या घोळक्यात असा घुसला होता की मी त्याचा फोटो काढून आजीला पाठवला. आजीने विचारलं, "कुणाच्या घराला एवढे खिळे ठोकलेत?"

जिराफ म्हणजे माझी जोडीदार. आमच्या क्लबमधली सगळ्यात उंच, सगळ्यात गप्प मुलगी. ती मला रेडिओ म्हणते. का ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. आमच्या कपाटाला दोन किल्ल्या, एक माझ्याकडे, एक तिच्याकडे. आणि आमच्या सरांचा एक नियम आहे: आपला बोडका आपण वाचायचा नाही. मारणारी रेषेवर थांबते आणि जोडीदार लक्ष्यापाशी जाऊन, बोडका कुठे लागला ते हाताने दाखवते. सर म्हणतात, "स्वतःचा बाण वाचताना माणूस आधी उत्तर ठरवतो, मग बघतो."

तर मंगळवारी मी बाण मारले. शेवटी बोडका मारला. जिराफ गेली, बघितलं आणि अंगठा वर केला.

"कसा आहे?"

"ठीक आहे. जवळच आहे."

आणि तिने तो उपटलासुद्धा. पण मी तोवर तिच्या मागोमाग गेले होते. नियम मोडला, हो. पण आमचं घराणं! बोडक्याचं भोक मला दिसलं. घोळक्यापासून वीतभर उजवीकडे.

माझ्या मनात पाल चुकचुकली. वीतभर म्हणजे जवळ? मग लांब कशाला म्हणायचं, शेजारच्या गल्लीत गेला की?

आता हेही सांगायला हवं की रविवारी निवड चाचणी होती. शहराच्या संघात आमच्या क्लबमधून मुलींची एकच जागा होती, आणि ती दरवर्षी जिराफची असायची. मी चार वर्षं तिच्या मागे दुसरी, कधी तिसरी. पण यंदा माझं काहीतरी सुटलं होतं. म्हणजे चांगल्या अर्थाने. सर कायम ओरडायचे, "कुबड काढून उभी राहू नकोस, बाण मारतेस की मांजर शोधतेस?" आणि या वर्षी एक दिवस मी ताठ उभी राहिले आणि मला ते आवडलं. वर्गात हात वर करायला लागले. बसमध्ये खिडकीची जागा मागून घ्यायला लागले. आणि मागच्या महिन्यात सरावात मी जिराफला पहिल्यांदा मागे टाकलं. मी अशा गोष्टी मनात ठेवणाऱ्यांतली नाही. "आता जिराफाची मान माझ्या हातात!" असं मी आख्ख्या गोदामाला ऐकू जाईल असं ओरडले. सगळे हसले. जिराफही हसली. पण जरा उशिरा हसली.

तो उशीर मला आता आठवला.

त्या संध्याकाळी मी सगळे बाण घरी आणले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक करून तोलले. वजन सारखं. टोक तळहातावर टेकवून बाण भोवऱ्यासारखे फिरवले. एकही लटपटला नाही. बाबा चहा घेत बघत होते.

"काय झालं?"

"बाण मऊ झालेत. कुणीतरी काहीतरी केलंय."

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" बाबांनी ताबडतोब विचारलं. आमच्याकडे 'तुला नक्की खात्री आहे का' असला वेळकाढूपणा करत नाहीत.

मग मी सापळा लावला. बाणाच्या शेपटीला, दोरी अडकवायची जी प्लॅस्टिकची खाच असते, ती हाताने फिरवता येते. मी आईच्या नेलपॉलिशने प्रत्येक खाचेवर एक ठिपका दिला आणि त्याच्या बरोबर समोर दांडीवर एक. ठिपक्याला ठिपका. कुणी हात लावला तर जोडी मोडणार. बुधवारी बाण कपाटात ठेवले आणि भूगोलाचा अख्खा तास जिराफच्या पाठीकडे बघत बसले.

आणि हळूहळू मला सगळंच दिसायला लागलं. जिराफ हल्ली बोलताना माझ्या डोळ्यांत बघत नव्हती. डबा खाताना दुसऱ्याच बाकावर बसत होती. आणि सगळ्यात मोठा पुरावा: ती वाकून चालत होती! आधी तिच्याशी बोलायचं म्हणजे मला मान वर करावी लागायची, आता तिचा चेहरा जवळजवळ माझ्यासमोर येत होता. अपराधाच्या ओझ्याने माणूस कसा खचतो, हे मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं.

गुरुवारी कपाट उघडलं. एका बाणाचे ठिपके जागेवर नव्हते. दुसऱ्याचेही नव्हते. सगळ्यांचेच सरकले होते, तेही एकाच दिशेला, एकाच अंतराने. नीटनेटकं काम. जिराफ पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावते.

मनातली पाल आता मगरीएवढी झाली होती.

शुक्रवारी मी ते सगळ्यांसमोर काढलं. सर रेषेपाशी खुर्चीवर बसले होते, चष्मा दोरीने गळ्यात. जिराफ धनुष्य जोडत होती.

"सर, माझ्या बाणांना कुणीतरी हात लावतंय. आणि मला माहीत आहे कोण."

गोदाम शांत झालं. एक बाण सुटला होता तो तेवढा ठप्प करून लागला.

"नाचता येईना अंगण वाकडं," सर म्हणाले.

"नाही सर! हे बघा ठिपके. हे समोरासमोर होते. आता बघा. किल्ली फक्त आमच्या दोघींकडे आहे. आणि मंगळवारी बोडका वीतभर उजवीकडे लागला होता, आणि ही म्हणाली जवळच आहे."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि जिराफकडे बघितलं. "खाचा तू फिरवल्यास?"

"हो," जिराफ म्हणाली.

मला वाटलं होतं ती नाकारेल. माझी पुढची चार वाक्यं तयार होती. ती सगळी वाया गेली.

"तिची पिसं धनुष्याला घासत होती," जिराफ म्हणाली. "खालचं पीस बघा."

सरांनी बाण उजेडात धरला. एका पिसाची कड खरवडून पांढरी पडली होती. प्रत्येक बाणाचं तेच पीस. मी ठिपके रंगवले, वजनं केली, भोवरे फिरवले, आणि पिसांकडे बघितलंच नव्हतं.

"खाच थोडी फिरवली की पीस धनुष्यापासून लांब जातं," जिराफ म्हणाली. "म्हणून फिरवल्या."

"पण घासायला का लागलं?" सर तिला विचारत नव्हते, मला विचारत होते. रेडिओ बंद. "मऊ दांडी जास्त वाकते, जाता जाता धनुष्याला शेपटी मारते. आणि दांडी आपोआप मऊ होते का? लोणी आहे ते? सुट्टीतला खुणेचा बाण कुठाय?"

खुणेचा बाण म्हणजे एक लांब दांडी. धनुष्य पूर्ण ओढून धरायचं आणि शेजारी उभ्या माणसाने, धनुष्याच्या पुढच्या कडेशी, दांडीवर पेनाने रेघ मारायची. आपण किती ओढतो त्याचं ते माप. हे एकटीला करताच येत नाही, दोन्ही हात अडकलेले असतात. मोठ्या मुलींच्या धनुष्यावर एक पत्र्याची पट्टी असते, ठरल्याइतकं ओढलं की ती टक्‌ वाजते, मग रोज तेवढंच ओढलं जातं. वाढत्या वयाच्यांना सर ती पट्टी देत नाहीत.

"ओढ," सर म्हणाले. "आणि तू रेघ मार."

"ती?" मी म्हटलं.

"मग काय मी? जोडीदार कोण आहे?"

मी ओढलं. जिराफ माझ्या कोपरापाशी येऊन उभी राहिली. ताणलेल्या धनुष्याच्या इतक्या जवळ उभं राहायचं म्हणजे मारणारीवर भरवसा लागतो. दोरी सुटली तर पेन आणि बोटं दोन्ही गेली. मी तिच्यावर आळ घेऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. पण तिचा हात हलला नाही. पेनाचं टोक दांडीवर फिरलेलं मला हनुवटीखाली जाणवलं.

मी धनुष्य सैल केलं. दांडीवर आता दोन रेघा होत्या. सुट्टीतली जुनी, पुसट. आणि आजची, तिच्यापासून चांगली दोन बोटं पुढे.

"जास्त ओढलं म्हणजे धनुष्याचा जोर वाढला," सर म्हणाले. "दांडी तीच राहिली, मालकीण बदलली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! थोडे हात वाढलेत, आणि बाकीचं सगळं कुबड गेलं त्याचं आहे."

मी जिराफकडे बघितलं. ती ताठ उभी होती. मुळीच वाकलेली नव्हती. तिचे डोळे माझ्या डोळ्यांच्या समोर होते, कारण मी तिच्याएवढी होत आले होते.

इथे मी माफी मागायला हवी होती. मी तोंड उघडलंही. पण त्यातून निघालं ते वेगळंच. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"मागच्या आठवड्यापासून. पिसं बघितली तेव्हाच."

"आणि मंगळवारी जवळच आहे म्हणालीस?"

जिराफने पेनाचं टोपण लावलं. मग काढलं. मग परत लावलं. "हो. ते खोटं बोलले."

"का?"

"तू सांग की का. मान तुझ्या हातात आहे ना?"

गोदामात कुणी हसलं नाही.

"तुझी पिसं फाटू नयेत असं वाटत होतं," ती हळू म्हणाली. "आणि तू जिंकू नयेस असंही वाटत होतं. मग जेवढं जमलं तेवढं केलं."

म्हणजे माझा संशय खोटा होता. आणि खराही होता. असल्या गोष्टीचं काय करायचं हे मला घरी कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे चोर असतो किंवा नसतो.

सर दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. "बोडका खोटा वाचला तर क्लब बंद करून इथे पुन्हा बटाटे ठेवलेले बरे," ते जिराफला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि तू, आधी पिसं बघ, मग माणसं. कडक दांड्या मागवायला वेळ नाही. दांड्या कापायच्या नाहीत, अजून वाढशील आणि आखूड बाण ओढताना मुठीत शिरेल. टोकं हलकी करा. दोघी मिळून. एकीला बोडका वाचता येत नाही आणि दुसरीने खोटा वाचायची शपथ घेतलीय."

शनिवारी सकाळी जिराफ आमच्या स्वयंपाकघरात. आई तिला दारात बघून आत आली आणि माझ्या कानात कुजबुजली, "हीच ना ती?"

"हीच. पण नाही. म्हणजे थोडीशी."

"थोडीशी म्हणजे काय?"

"आई, नंतर."

टोकं दांडीत चिकटवलेली असतात. कार्बनच्या दांडीला आग दाखवायची नाही, म्हणून आम्ही पातेल्यात पाणी तापवलं आणि बाण टोकाकडून बुडवून धरले. गोंद सुटला की फडक्याने पकडून टोक उपटायचं. टोकाच्या मागे दांडीच्या आत जाणारी एक शेपटी असते, तिला खाचा पाडलेल्या. पक्कडीने वाकवलं की खाचेपाशी तुकडा कट्‌कन तुटतो आणि टोक हलकं होतं. हलक्या टोकाने दांडी कडक वागते. मात्र तुटलेला तुकडा परत लागत नाही. एक जणी बुडवत होती, एक जणी तोडत होती. एकदा जिराफचं बोट भाजलं तेव्हा मी तिच्या हातावर नळ सोडला आणि ती म्हणाली, "बाही भिजेल तुझी." मी म्हटलं, "वाचली. ती वरच आहे."

आई ओट्याशी उभी होती. तिने आमच्या दोघींच्या खांद्यांकडे बघितलं. मग माझ्या मनगटाकडे. मग तिने चहाचं आधण उगीचच ढवळलं.

दुपारी गोदामात गेलो. गोंद पुन्हा सोडवावा लागला तर म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी घेतलं होतं. मी मारलं. जिराफ गेली आणि तिने छातीवर उभा तळहात ठेवून दाखवलं: अजून उजवीकडे, अर्धी वीत. आणखी एकेक तुकडा तोडला. पुन्हा मारलं. ती लक्ष्यापाशी बराच वेळ उभी राहिली. रेषेवरून मला बोडका नुसता काळा ठिपका दिसत होता, घोळक्याच्या आत की बाहेर, काही कळत नव्हतं. माझे पाय रेषेवर वळवळत होते.

तिने दोन बोटं वर केली. "दोन बोटं उजवीकडे. आता थांब."

"थांब? उजवीकडेच आहे ना? शेवटचा तुकडाही तोडू."

"नको."

बघा. हीच ती जागा. उद्या चाचणी, जागा एक, आणि माझी प्रतिस्पर्धी लांबून मला सांगते की बाण पूर्ण लावू नकोस. माझ्या जागी बाबा असते तर आत्तापर्यंत बोडक्यावर नखाने फुली मारून मोकळे झाले असते.

"का नको?" मी ओरडले.

ती चालत माझ्यापर्यंत आली. हे तिला ओरडून सांगायचं नव्हतं. "उद्या तू घाबरशील."

"मी? मी घाबरते?"

"घाबरलीस की आखडतेस. खांदे वर जातात तुझे. मग ओढणं कमी पडतं आणि बाण आपोआप कडक वागतात. आत्ता बरोबर मधे लावलेस तर उद्या डावीकडे पळतील. दोन बोटं राहू दे त्यासाठी."

चार वर्षं मी हिच्याशेजारी उभी आहे. या काळात मी काय बघितलं? तिची मान. आणि तिने माझे खांदे.

पक्कड माझ्या हातात होती. लक्ष्य समोर होतं, वीस-पंचवीस पावलं चालून गेले असते तर कळलं असतं. मी पक्कड थर्मासशेजारी ठेवली.

"बरं," मी म्हटलं. "दोन बोटं."

रविवारी मी घाबरले. मोठं मैदान, अनोळखी शिट्ट्या, वारा. पहिल्या फेरीला खांदे कानांपर्यंत आले होते, मला ते कळत होतं आणि खाली घेता येत नव्हतं. पण बाण! बाण घोळक्याने लागत होते, सुट्टीतल्या फोटोसारखे. मी इतके दिवस ऐकूनही न ऐकलेला, पिसं घासल्याचा तो खर्रर्र आवाजही नाही. दुसऱ्या फेरीला मी सैल झाले. शेवटच्या फेरीला मी आणि जिराफ बरोबरीने आलो. आणि माझा शेवटचा बाण मी सोडला तेव्हा माझं मन लक्ष्यावर नव्हतं, जिंकल्यावर काय ओरडायचं त्यावर होतं. बाण खाली लागला. बाणाची चूक नव्हती.

जागा जिराफला मिळाली.

सगळे तिच्याभोवती जमले. मी तिकडे बघत सवयीने शोधायला लागले: कुणी काय केलं, कुठे पाणी मुरलं. काहीच सापडेना. यावेळी संशय घ्यायला कुणीच नव्हतं, आणि हरण्यापेक्षा तेच जास्त जड गेलं.

तरी एक राहिलंच होतं. मैदान रिकामं झाल्यावर मी सरांना विचारून पुन्हा धनुष्य उचललं. खांदे आखडलेले नव्हते, हरल्यावर कशाला आखडतील. पिसवाले मारले, मग बोडका. आणि रेषेवर थांबले.

जिराफ पदक गळ्यात घालून लक्ष्यापर्यंत चालत गेली. वाकून बघितलं. दोन बोटं वर केली. मग माझ्याकडे बघितलं आणि ती बाजूला सरकली, मला स्वतः येऊन बघता यावं म्हणून.

"ये की!"

"नको," मी ओरडले. "आपला बोडका आपण वाचत नाही!"

"मग बाण कोण काढणार, मी?"

"जिंकलीस ना? काढ!"

सोमवारी आई मला घेऊन लाँड्रीत गेली. काउंटरवर माझे तेच शर्ट ठेवले आणि घसा साफ केला. मला वाटलं, आता माफी. लाँड्रीवालाही एक पाऊल मागे सरकला होता.

"बाह्यांची दुमड उसवून खाली सोडून मिळेल का?" आई म्हणाली.

"मिळेल. पण ताई, मी सांगत होतो, गार पाण्यातच—"

"माहीत आहे," आई म्हणाली. "पण कॉलरला नीळ जास्त लागते तुमची. ते बघा जरा."